यंत्राची किल्ली कोणाच्या हाती? : रुकैया, फॉर्स्टर आणि इक्बाल यांच्या तीन कृतींच्या निमित्ताने

यंत्र एक दिवस माणसाला गुलाम करील काय, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले. त्यानंतर सहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, या शास्त्राच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन गूगलमधून बाहेर पडले आणि आपणच घडवलेल्या विद्येच्या धोक्यांविषयी जाहीरपणे बोलू लागले. २०२४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याने यंत्राला शिकायला शिकवले तोच भीतीची भाषा बोलू लागला, तर सामान्य माणसाने काय समजावे?

आपल्या समाजात या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. एक उत्तर बयानातून येते : मोबाईल हा या काळाचा फितना आहे, मुलांना त्यापासून दूर ठेवा. दुसरे उत्तर क्लासच्या जाहिरातीतून येते : मुलांना कॉम्प्युटर शिकवा, त्यांचे नशीब उघडेल. ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात. पण दोघांचीही नजर यंत्रावरच खिळलेली आहे. ते यंत्र कोण चालवतो, कोणासाठी चालवतो आणि ते बिघडले तर कोण दुरुस्त करतो, हे दोघेही विचारत नाहीत. साहित्याने मात्र हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारलेले आहेत. प्रस्तुत लेखात त्यापैकी तीन कृतींचा विचार करावयाचा आहे : रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५), ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) आणि अल्लामा इक्बाल यांची ‘लेनिन खुदा के हुजूर में’ ही नज्म, जी १९३५ च्या ‘बाल-ए-जिब्रील’ या संग्रहात आहे.

तत्पूर्वी एका शब्दाकडे लक्ष द्यावेसे वाटते. ‘रोबो’ हा शब्द जगाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० च्या नाटकाने दिला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावे लागणारे काम. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. म्हणजे रोबो हा मुळात वेठबिगार. नाटकात हे वेठबिगार बंड करतात आणि मालकांचा संहार करतात. यंत्राच्या बंडाची भीती ही अशी पहिल्यापासून मालकाची भीती आहे. ज्याने कोणाला तरी वेठीला धरले, त्यालाच ते उलटण्याची धास्ती वाटते. ज्याने स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, त्याने या भीतीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे.

सुलतानाचे स्वप्न

रुकैया सखावत हुसेन (१८८०-१९३२) रंगपूर जिल्ह्यातील पैराबंदच्या जमीनदार घराण्यातील. घरात कडक पडदा. मुलींनी इंग्रजी शिकणे घरच्यांना मान्य नव्हते. घरातली माणसे झोपल्यावर थोरल्या भावाने त्यांना चोरून इंग्रजी शिकवले. त्याच इंग्रजीत त्यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली आणि ती १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली.

आरामखुर्चीत डोळा लागलेली सुलताना स्वप्नात स्त्रियांच्या राज्यात जाते. तेथे पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत आणि राज्यकारभार स्त्रियांच्या हाती आहे. शेते विजेवर नांगरली जातात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, प्रवासाला हवेतून जाणारी गाडी आहे. ढगांतले पाणी नळ्यांनी खाली उतरवणारा एक मोठा फुगा आहे, त्यामुळे ना दुष्काळ ना महापूर. काम दिवसाला दोन तासांत आटोपते.

या कथेचे कौतुक बहुधा स्त्रीमुक्तीच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. पण यंत्राच्या अंगाने वाचली तर ती आणखी काही सांगते. या राज्यातले प्रत्येक यंत्र विद्यापीठातून आलेले आहे. पुरुष सैन्य वाढवण्यात गुंतले होते तेव्हा स्त्रिया आपल्या दोन विद्यापीठांत प्रयोग करीत होत्या. एका विद्यापीठाने पाण्याचा फुगा शोधला, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवली. पुरुषांनी त्यांची थट्टा केली. पुढे शत्रू चालून आला, पुरुषांची फौज हरली, तेव्हा विद्यापीठाची प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणाकडे निघाली आणि त्यांनी एकवटलेली सूर्यकिरणे शत्रूवर सोडली. तलवार न उपसता लढाई संपली.

रुकैयांच्या राज्यात यंत्राची भीती कोणालाच वाटत नाही. याचे कारण यंत्र निरुपद्रवी आहे असे नव्हे. जे शत्रूला होरपळवते ते निरुपद्रवी कसे असेल? भीती नाही, कारण ते ज्यांनी बनवले त्यांच्याच ताब्यात आहे. ज्या बाईच्या चुलीवर सूर्याची उष्णता येते तिलाच ती कशी येते हेही ठाऊक आहे. वापरणारी आणि जाणणारी एकच आहे.

तरीही या कथेतील उणीव नजरेआड करता येणार नाही. जनाना गेला तसा मर्दाना आला. कोंडणारे बदलले, कोंडणे राहिले. हा उपहास आहे हे मान्य. पण उपहासातूनही एक सत्य बाहेर येतेच. यंत्राने मालक बदलला म्हणजे न्याय आला असे होत नाही. आणखी एक गोष्ट. ही सगळी व्यवस्था एखाद्या दिवशी बंद पडली तर काय, हा प्रश्न रुकैयांना पडत नाही. गाडीतून घसरून सुलताना आपल्या खुर्चीत जागी होते आणि कथा संपते. तो प्रश्न चार वर्षांनी दुसऱ्या एका लेखकाने विचारला.

यंत्र थांबते तेव्हा

‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू’ या नियतकालिकात आली. तेव्हा रेडिओचे प्रसारण सुरू व्हायचे होते, दूरचित्रवाणी तर स्वप्नातही नव्हती. फॉर्स्टरची माणसे जमिनीखाली, मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्‌कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. एक बटन दाबले की जेवण, दुसरे दाबले की संगीत, तिसरे दाबले की गरम पाण्याचा हौद. हातातल्या चकतीवर दुसऱ्याचा चेहरा दिसतो. वाश्ती ही बाई अशा हजारो लोकांना ‘ओळखते’. ती खोलीतून न हलता संगीतावर व्याख्यान देते आणि लोक आपापल्या खोल्यांतून ते ऐकतात. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी मोबाईलवर शाळा भरवली आणि भरताना पाहिली, त्यांना या कथेतील एकही वस्तू अनोळखी वाटणार नाही.

वाश्तीचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात राहतो. त्याला आई चकतीवर नको आहे, समोर हवी आहे. ती नाखुशीने विमानातून निघते. वाटेत हिमालय दिसतो आणि ती पडदा ओढून घेते, कारण त्या डोंगरांतून तिला एकही ‘कल्पना’ मिळत नाही. तोल जाताना सेविकेने तिला हात देऊन सावरले तर तिला अपमान वाटतो, कारण माणसाने माणसाला स्पर्श करण्याची रीतच उरलेली नाही. कुनोने मात्र एक गुन्हा केला आहे. तो परवानगीशिवाय जमिनीवर जाऊन आला आहे. त्यासाठी त्याने आधी काय केले? तो खोलीबाहेरच्या फलाटावर रोज येरझाऱ्या घालू लागला आणि थकेपर्यंत चालून ‘जवळ’ आणि ‘दूर’ या दोन शब्दांचे अर्थ पायांनी पुन्हा शिकला. माझ्या मते हे या कथेचे मर्मस्थान आहे. बंडाची सुरुवात कुनो घोषणेने करीत नाही, स्वतःच्या पायांनी करतो.

कथेतल्या यंत्राची कोणतीही दुष्ट इच्छा नाही. ते रागावत नाही, कट करीत नाही. माणसेच हळूहळू एकेक गोष्ट त्याच्या हवाली करतात. वाश्तीजवळ एकच पुस्तक आहे, यंत्राच्या सूचनांचे. अस्वस्थ झाली की ती त्याचे चुंबन घेते. आपण यंत्राची पूजा करतो असे लोक आधी कबूल करीत नाहीत, पुढे उघड करू लागतात. मुस्लिम वाचकाला येथे ‘शिर्क’ हा शब्द आठवणे साहजिक आहे. पण शब्द आठवला म्हणून समीक्षा पूर्ण होत नाही. आपण घडवलेली वस्तू आपण घडवली हे विसरणे ही श्रद्धेची चूक आहे, तशी ती ज्ञानाचीही चूक आहे. संपूर्ण यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नाही, हे फॉर्स्टरने स्पष्ट केले आहे. प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक, आख्खे कोणालाच नाही.

शेवट सावकाश येतो आणि म्हणूनच भयंकर वाटतो. संगीतात खरखर येते. फळांना बुरशी, हौदाच्या पाण्याला वास. लोक दुरुस्ती समितीकडे तक्रार करतात, उत्तर येत नाही, आणि काही दिवसांनी त्यांना त्या खरखरीची सवय होते. मग कळते की दुरुस्ती करणारे यंत्रच बिघडले आहे. ज्या दिवशी सगळे थांबते त्या दिवशी यंत्राचा कायमचा गुंजारव बंद पडतो आणि त्या अचानक शांततेनेच हजारो माणसे मरतात.

ही केवळ कल्पना आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रिटनमधील टपाल खात्याचे प्रकरण पाहावे. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसांत ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आली. तिच्यातील दोषांमुळे हिशोबात तूट दिसू लागली. टपाल कार्यालये चालवणारे साधे लोक सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण न्यायालयात संगणकाचा शब्द खरा धरला गेला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतील लोकही होते. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. येथे कोणत्या यंत्राने बंड केले? कोणत्याच नाही. यंत्र चुकले, आणि ते चुकू शकते हे मानायला माणसे तयार नव्हती. वाश्तीच्या हातातले पुस्तक ते हेच.

लेनिनची तक्रार

आता इक्बाल. यंत्रांची राजवट आणि हृदयाचा मृत्यू यांची सांगड घालणारा त्यांचा शेर उर्दू शाळांतील तकरीर स्पर्धांत हमखास ऐकू येतो. मोबाईलविरोधी भाषण असो वा पाश्चात्त्य संस्कृतीवरील टीका, शेवटी हा शेर येतो आणि टाळ्या पडतात. पण हा शेर कोणाच्या तोंडी आहे, हे वक्त्यांपैकी किती जण सांगतात?

तो लेनिनच्या तोंडी आहे. देव न मानणारा लेनिन मृत्यूनंतर खुदासमोर उभा आहे, त्याच्या अस्तित्वाची कबुली देतो आहे आणि लगेच फिर्यादही मांडतो आहे. ही फिर्याद लोखंडाच्या चाकांविरुद्ध नाही. तो बोट दाखवतो ते बँकांच्या इमारतींकडे, ज्या चर्चपेक्षा देखण्या झाल्या आहेत, व्यापाराच्या नावाखाली चाललेल्या जुगाराकडे, सावकारीकडे, मजुराच्या कडवट दिवसांकडे. यंत्रांचा उल्लेख या यादीत येतो. नज्मेतून हा एकच शेर उचलला की लेनिन नाहीसा होतो, मजूर नाहीसा होतो, बँक नाहीशी होते आणि उरते फक्त ‘मशीन वाईट’ एवढी तक्रार. मग इक्बाल त्या बयानातल्या पहिल्या उत्तराशी जोडले जातात, जेथे ते नाहीत. या नज्मेनंतर संग्रहात फरिश्त्यांचे गीत आणि खुदाचे फर्मान येते, आणि ते फर्मान गरिबांना जागे करण्याचे आहे. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय इक्बालांचे म्हणणे हाती लागत नाही.

इक्बाल यंत्राकडे मालकीच्या बाजूने पाहतात, फॉर्स्टर सवयीच्या बाजूने आणि रुकैया ज्ञानाच्या बाजूने. भीतीचे खरे कारण या तिघांच्या मध्ये कोठेतरी आहे. ज्ञान नाही म्हणून सवय जडते, आणि सवय जडली की मालक कोण हे विचारण्याची ताकद उरत नाही.

यंत्राची जबान

फॉर्स्टर आणि इक्बाल यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे, त्याची आठवण येथे अगत्याने करावी लागेल. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद (१८८९-१९३७). ऑक्सफर्डला जाण्याच्या तयारीसाठी १९०६ साली ते फॉर्स्टरकडे लॅटिन शिकले आणि गुरुशिष्यांची जन्मभराची दोस्ती झाली. ‘ए पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ही कादंबरी फॉर्स्टरने मसूद यांनाच अर्पण केली. म्हणजे यंत्र थांबण्याची कथा लिहिताना फॉर्स्टरच्या परिचयात अलीगढचा हा तरुण होता. पुढे १९३३ साली हेच मसूद इक्बालांबरोबर अफगाणिस्तानच्या शिक्षणविषयक भेटीला गेले. दोघा लेखकांचा हा दोस्त स्वतः कथा-कविता लिहिणारा नव्हता, शिक्षण खात्याचा माणूस होता. हैदराबाद संस्थानात शिक्षण संचालक असताना तो जपानला गेला आणि १९२३ साली जपानच्या शिक्षणपद्धतीवर त्याने पुस्तक प्रसिद्ध केले. जपानने पश्चिमेची यंत्रविद्या घेतली, पण ती आपल्या भाषेत घेतली, ही गोष्ट मसूद यांना मोलाची वाटली.

त्याच काळात हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात चालू झाले होते आणि १९१७ च्या ‘दारुल तर्जुमा’तून विज्ञान व गणिताची पुस्तके उर्दूत येत होती. त्या कामात अग्रभागी असलेले मौलवी अब्दुल हक बराच काळ औरंगाबादेत राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही तेथेच होते. मराठवाड्याच्या मातीतील हा इतिहास आहे आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच मराठवाड्यातील मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्च शिक्षणासाठी परकी वाटणारी उर्दू शिकावी लागे, आणि ‘आपली भाषा’ हे सूत्र त्याच्यापुरते लागू नव्हते. १९४८ नंतर विद्यापीठात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. आज उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांची मुले एकाच रांगेत उभी आहेत. त्यांच्या हाती यंत्र आहे, यंत्राची जबान नाही.

उर्दू माध्यमाच्या वर्गात शिकवताना हे रोज जाणवते. मुलांची बोटे पडद्यावर सराईतपणे फिरतात. ‘अल्गोरिदम’ या शब्दात अल-ख्वारिज्मी या मुस्लिम गणितज्ञाचे नाव दडलेले आहे हे सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात. पण त्या शब्दाचा अर्थ उर्दूत वा मराठीत चार वाक्यांत सांगा म्हटले की वर्ग शांत होतो. नावाचा अभिमान आहे, कामाची ओळख नाही.

आणि हे दुर्लक्ष आपल्याला परवडणारे नाही. मार्च २०२० मध्ये दिल्लीतील दंगलीसंबंधी लोकसभेत बोलताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने १,१०० हून अधिक लोकांची ओळख पटली आहे. पुढे २०२२ साली माहिती अधिकारातील एका उत्तरात दिल्ली पोलिसांनी कळवले की ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले की चेहरा जुळला असे ते धरतात. हा ८० चा आकडा यंत्राने ठरवलेला नाही, कोणा माणसाने ठरवला आहे. ७० का नाही, ९५ का नाही? उरलेल्या वीस टक्क्यांत कोणाचा मुलगा असू शकतो? हे विचारण्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. टक्केवारी समजली पाहिजे आणि प्रश्न विचारण्याची हिंमत पाहिजे. सातवीच्या गणितात टक्केवारी आहे. हिंमत मात्र अभ्यासक्रमात नाही.

नेदरलँड्समध्ये असा प्रश्न विचारला गेला. बालसंगोपनाच्या सरकारी साहाय्यात लबाडी शोधणाऱ्या प्रणालीने हजारो पालकांना गुन्हेगारासारखे वागवले. त्यांत परदेशी मूळ असलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि परकीय नागरिकत्व हा संशयाचा एक निकष होता. पालक, वकील, पत्रकार आणि काही लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे लढले आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. यंत्राच्या आड लपलेल्या माणसाला बाहेर काढता येते, याचा हा पुरावा आहे.

म्हणून मला वाटते की या तीन कृती आपल्या वाचनात एकत्र याव्यात. रुकैयांची कथा एकटी वाचली तर यंत्राविषयी भाबडी आशा वाटेल. फॉर्स्टर एकटा वाचला तर धडकी भरेल. इक्बालांचा एकच शेर पाठ केला तर केवळ टाळ्या मिळतील. तिघे मिळून मात्र एक कामाची गोष्ट सांगतात : यंत्र सिंहासन बळकावत नाही, माणूस एकेक पायरी स्वतः उतरतो, आणि त्या पायऱ्या पुन्हा चढता येतात. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या काळातला उंट वेगळा आहे. त्याची दोरी कोठे असते आणि गाठ कशी मारतात, हे मुलांना त्यांच्या जबानीत सांगणे शिक्षकांचे काम आहे आणि लेखकांचेही. रुकैयांनी १९०९ साली भागलपुरात शाळा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे पाच मुली होत्या. तेवढ्या आपल्या प्रत्येक वर्गात आहेत.